कोल्हापुरात आलेल्या पाहुण्याला चपलेची वेणी घालायला बसवावं का?

रंकाळ्याचा कट्टा
गेल्या आठवड्यात मुंबईची मावसबहीण दोन मुलांना घेऊन आली होती. अंबाबाई झाली, पन्हाळा झाला, तांबडा-पांढरा झाला. निघायच्या दिवशी चप्पल लाईनला गेलो तर धाकटा विचारतो, "मामा, ह्या चपला बनवतात कुठं?" दुकानं शंभर दाखवली असती. हात चालताना कुठं दाखवायचा, ते मला सुचलं नाही. जन्म कोल्हापुरात गेला माझा, मनाला फार लागलं.

पन्हाळा जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला. माणसं आणखी येणार. आली की एक रात्र राहतात, मिसळ खातात, जातात. कणेरी मठावर सिमेंटचे बलुतेदार बघायला तिकीट काढतात आणि जिवंत कारागिराच्या गल्लीत कुणी फिरकत नाही. माझं म्हणणं असं, की अर्ध्या दिवसाचे वर्ग सुरू करावेत. चपलेची वेणी, कुंभाराचं चाक, गुऱ्हाळ. पाहुण्यानं स्वतः हात लावावा आणि पैसे थेट कारागिराच्या हातात पडावेत. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये आपल्यासारख्याच चपला दिसल्या, तेव्हा आपण सगळे चिडलो. भौगोलिक मानांकन तर २०१९ पासून आहे. पण ते कागदावर. ज्यानं एकदा कातड्याची वादी ओढून टाका घातला, तो पुन्हा दोनशे रुपये कमी करा म्हणणार नाही.

आरी-रापी
दादा, तुमची तळमळ कळली. तरी मी विरोधात आहे.

माझे वडील पस्तीस वर्षं ह्या कामात आहेत. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं भिजवून ठेवलं की वास येतो. पाहुणे दारातच नाकाला रुमाल लावतात. वडील मान खाली घालून तळ कापत राहतात, मी ते बघितलंय. ज्या घरचं पाणी पिढ्यानपिढ्या कुणी प्यायलं नाही, त्या घरात आता तासाभराची हौस म्हणून बसायचं आणि फोटो काढून निघायचं? आमच्यासारख्यांची पोरं शिकून नोकरीला लागावीत म्हणून शाहू महाराजांनी १९०२ साली निम्म्या जागा राखून ठेवल्या. आम्ही त्याच वाटेनं बाहेर पडलो. आता वडिलांना देखावा म्हणून बसवायला माझं मन धजत नाही.

आणि हिशेब करा. मजुरी जोडावर मिळते. अर्धा दिवस शिकवण्यात गेला की त्या दिवसाचे जोड बुडाले. नवख्यानं कातडं कापायची रापी धरली की कातडं वाया जातं, ते वेगळंच. २०१५ च्या कायद्यानं बैलांच्या कत्तलीवर बंदी आली, तेव्हापासून बैलाचं कातडं मिळणं अवघड झालंय. जे मिळतं ते पोरांच्या हाती खेळायला द्यायचं का?

चुलवाण
गुऱ्हाळापुरतं सांगतो. आमचं करवीर तालुक्यात आहे, दसऱ्यानंतर पेटतं. काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, रस चढला की कुणाकडं बघायला सवड नसते. भेंडीचं पाणी घालून मळी काढायची, चिपाडाचा जाळ कमी-जास्त करायचा आणि आदण, म्हणजे उकळता रस, उतरायचं कधी ते गूळ करणाऱ्या गुळव्यानं ठरवायचं. त्याचा अंदाज चुकला तर गूळ एकतर चिकट राहतो नाहीतर काळा पडतो. उकळत्या रसाशेजारी शहरातलं पोर मी उभं करणार नाही, कितीही पैसे द्या.

पण पाक वाफ्यात ओतला आणि जरा थंड झाला की रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, भरायचं काम कुणीही करू शकतं. आम्ही गेल्या वर्षी चार-पाच कुटुंबांना ते दिलं. पोरं तिथून हलेनात. काकवीच्या बाटल्या आणि त्यांनी स्वतः भरलेले रवे घेऊन गेली. व्यापाऱ्याकडं भाव पडला होता, त्यात तेवढाच हातभार. म्हणून सगळं शिकवतो म्हणू नये. जेवढं हाताखाली देता येतं तेवढंच द्यावं.

वेणीवाली
आरी-रापी भाऊ, वासाचं आणि रुमालाचं तुम्ही लिहिलंत ते वाचून पोटात तुटलं. खरं आहे ते. पण एक गोष्ट तुमच्याही लिहिण्यात आली नाही. वेणी कोण घालतं? आमच्या घरात आई आणि काकू. स्वयंपाक उरकून दुपारी उंबऱ्याशी बसतात, कातड्याच्या बारीक पट्ट्या बोटांत धरतात आणि बोलता बोलता वेणी होते. दुकानावर नाव काकांचं. आईला वेणीचे म्हणून वेगळे पैसे कधी मिळाले नाहीत.

वेणीला ना ओलं कातडं लागतं, ना रापी. उरलेल्या पट्ट्यांतून किल्लीला लावायची छोटी वेणी सहज होते. आई शिकवेल. तिच्या हातात तिचे पैसे पडणार असतील तर मला तिच्या शेजारी माणसं बसलेली चालतील. मात्र चपला बाहेर काढून बसायचं आणि घरात दिलेला चहा प्यायचा. ज्याला हे जमत नाही त्यानं चप्पल लाईनवरूनच परत जावं.

कुंभार गल्ली, शाहूपुरी
आषाढ-श्रावणात कृपा करून कुणाला आणू नका. गणपतीच्या मूर्तींतून पाय ठेवायला जागा नसते. फाल्गुनात या, चाक रिकामं असतं.

रंकाळ्याचा कट्टा
आरी-रापी, तुमचा मुद्दा मी आधी विचारातच घेतला नव्हता. चूक झाली. मी पाहुण्याच्या बाजूनं बघत होतो. वेणीवाली ताईंचं पटलं. वर्ग कारागिराच्या घरी, त्याच्या अटींवर, बुडालेल्या जोडांच्या मजुरीपेक्षा जास्त पैसे आगाऊ घेऊन आणि एका वेळी चारच माणसं. मधे हॉटेलवाला किंवा गाडीवाला नको. फोटो विचारून. यालाही विरोध आहे का?

आरी-रापी
चहाची अट असेल तर विरोध थोडा कमी होतो. वडिलांना रात्री वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, त्या मुंबईच्या पोराला आण, त्यानं कुठं बनवतात ते विचारलं, भाव नाही विचारला. कातडं मी कापतो, तो चपलेच्या बाजूच्या कानाला टाके घालू दे.

दादा, मे महिन्यात येणार असतील तर आधी कळवा. पैसे त्या पोराकडून घेणार नाही. पुढच्यांकडून घेऊ.