वाळवणं सोपं नाही हो

कुरळे केस सरळ न करता, धुऊन तसेच कुरळे वाळू द्यायचे, या पद्धतीबद्दल ‘धुतले, वाळवले, निघालो, यात कौतुक कसलं? ही तर नवी फॅशन’ असं एकीने लिहिलंय. ते आपल्या सरळ केसांना ठीक आहे. घट्ट कुरळ्या केसांचं गणितच वेगळं. इथे अटलांटात माझी कृष्णवर्णीय शेजारीण शनिवारी सकाळी केस धुते, ओल्या केसांनाच एकेक बट धरून कंडिशनर आणि जेल लावते आणि मग अजिबात हात लावत नाही. दुपारी चारला मुळाशी बोट घातलं तर अजून दमटच! ओले असताना खांद्याला टेकणारे केस वाळले की कानापाशी येतात. पहिल्यांदा बघून मी वेड्यासारखं विचारलं होतं, ‘कापलेस का गं?’ केस तेवढेच असतात, स्प्रिंगसारखे आक्रसतात. वेटोळ्यांमुळे टाळूचं तेलही टोकापर्यंत पोचत नाही, केस कोरडे राहून पटकन तुटतात, म्हणून टॉवेलने खसाखसा पुसणं बंद. जुन्या टीशर्टने नुसतं टिपायचं.

आणि ‘नवी फॅशन’ म्हणाल तर ते अर्धंच खरं. असे केस घेऊन मुलाखतीला जायची अनेकींना धास्ती असायची. केसांच्या नैसर्गिक पोतावरून भेदभाव करायला बंदी घालणारा क्राउन अ‍ॅक्ट कॅलिफोर्नियाने केला तो २०१९ मध्ये, आणि अमेरिकेतलं ते पहिलं राज्य! त्याआधी शेजारीण बारा वर्षं दर दोन महिन्यांनी रिलॅक्सर नावाचं जहाल रसायन लावून केस सरळ करायची. त्याने भाजल्याचा डाग अजून तिच्या कानामागे आहे.