कमी पैशात लॅपटॉप घेताना: तुमचा अनुभव लिहा

माझ्या भाचीला यंदा संगमनेरला बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश मिळाला. बहीण शिवणकाम करते. भिशीचे २२,००० रुपये आले, ते तिने रबर बँडसकट माझ्या हातात ठेवले आणि म्हणाली, "दादा, यात बसेल असा बघ. पण तिचं शिक्षण होईपर्यंत टिकला पाहिजे."

तीन दुकानं फिरलो. सगळीकडे पहिला प्रश्न, "बजेट किती?" आणि आकडा सांगितला की त्या आकड्यात बसणारा, कपाटात पडून असलेला पीस पुढ्यात. रॅम (चालू कामाची मेमरी) पुढे वाढवता येईल का विचारलं, तर "मुलांना एवढं लागत नाही हो." हे पैसे चुकीच्या ठिकाणी गेले तर पुन्हा जमायला दीड वर्ष लागेल, म्हणून विचारतोय. २५,०००च्या आत ज्यांनी नवा-जुना लॅपटॉप घेतलाय त्यांनी लिहा. काय घेतलं, कुठे अडलं, दुकानात काय तपासलं? "अजून १५ हजार घाला" हा सल्ला कृपया नको.

जळगाव, मुलीचे वडील

नवाच हवा आणि वॉरंटी हवी, एवढं एकच डोक्यात ठेवून मी गेलो होतो. १९ हजारांना मिळाला. हलका, दिसायला छान, बॅग फुकट. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज. सहा महिन्यांत विंडोजचं अपडेट अडकलं. सी ड्राइव्हची पट्टी लाल, जागा उरलेली १.८ जीबी. मुलगी परीक्षेच्या आदल्या रात्री फोटो आणि पीडीएफ पुसत बसलेली मी पाहिली आहे. दुकानात नेला तर तंत्रज्ञ म्हणाला, "काका, यात रॅम आणि स्टोरेज दोन्ही बोर्डावरच सोल्डर आहे. काढताही येत नाही, घालताही येत नाही."

खोक्यावर बारीक अक्षरात 'ईएमएमसी' लिहिलं होतं. ती एसएसडी (वेगवान स्टोरेज) नसते, मोबाइलसारखी चिप असते, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. तुम्ही खोकं नीट वाचा.

डोंबिवली, अकाउंट्सचं काम

तुमच्या पैशात जुना बिझनेस लॅपटॉप घ्या, मी ठामपणे सांगते. थिंकपॅड टी४८०, डेल लॅटिट्यूड ५४९०, एचपी एलिटबुक ८४० जी५ हे २०१८च्या आसपासचे. कंपन्यांची लीज संपली की लॉटने बाजारात येतात. या तिन्हींत रॅमचे दोन स्लॉट आहेत आणि एसएसडीही बदलता येते. (टी४८० आणि टी४८०एस यांत गफलत करू नका. 'एस'मध्ये काही रॅम बोर्डावर असते आणि स्लॉट एकच.)

मी टी४८० मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घेतला, १७,५०० ला. सोबत धाकटा भाऊ होता, आम्ही काउंटरवर पाऊण तास घालवला. दुकानदार वैतागला, वैतागू दे.

आधी प्रोसेसरची पिढी बघा. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १०चा सपोर्ट थांबवला आणि विंडोज ११ला इंटेलची आठवी किंवा पुढची पिढी लागते. "आय५ आहे" म्हणून सहावी पिढी गळ्यात मारतात. आय५च्या पुढचा आकडा वाचायचा: ६३०० म्हणजे सहावी, ८३५० म्हणजे आठवी.

मग मशीन बंद करून चालू केलं आणि एफ१ दाबून बायोस (विंडोजच्याही आधी उघडणारं मशीनचं मूळ सेटिंग) उघडलं. पहिल्या पीसने तिथेच पासवर्ड मागितला. दुकानदार म्हणाला, "वापरायला काही अडत नाही." आम्ही तो बाजूला ठेवला. कंपनीचा पासवर्ड तसाच राहिलेला पीस पुढे डोकेदुखी होतो.

दुसऱ्यावर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी', स्पेस, स्लॅश, 'बॅटरीरिपोर्ट' (powercfg /batteryreport) टाइप केलं. त्यात मूळ क्षमता आणि आता उरलेली क्षमता शेजारी शेजारी दिसते. आतली बॅटरी ठीक होती, बाहेरची निम्म्यावर. ते दाखवून हजार रुपये कमी करून घेतले. टी४८०ची बाहेरची बॅटरी खटके सरकवून निघते, त्यामुळे पुढे नवी घातली.

शेवटी नोटपॅड उघडून एकेक की दाबली, प्रत्येक यूएसबीत पेनड्राइव्ह घातला, कॅमेरा आणि माइक बघितला, झाकण दहा वेळा उघडून मिटलं. बिजागरी सैल असेल तर घेऊच नका. आणि बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या. तोंडी वॉरंटीला अर्थ नाही.

सोलापूर, बी.सी.ए. तिसरं वर्ष

आठव्या पिढीच्या आय५वर ८ जीबीत सी, जावा, पायथन, पोस्टग्रेस सगळं नीट चालतं. फक्त अँड्रॉइड स्टुडिओचा इम्युलेटर (स्क्रीनवर फोनची नक्कल करणारा) रडवतो. मी फोन केबलने जोडून त्यावरच अ‍ॅप चालवतो. भाचीला सांगा, पहिल्या वर्षी काही अडणार नाही.

कराड

घरात किंवा नात्यात जुना लॅपटॉप पडलाय का, हे आधी विचारा. आमच्या चुलतभावाचा २०१५चा होता. हार्ड डिस्क काढून १,७०० ची २४० जीबी एसएसडी घातली. आधी चालू करून चहा ठेवायला जायचो, आता चहाचं भांडं हातात घेईपर्यंत तयार असतो.

गडचिरोली जिल्हा, शिक्षक

वरच्यांना जोडून. पिढी जुनी असेल आणि विंडोज ११ बसत नसेल तरी मशीन भंगारात देऊ नका. माझ्याकडे ४ जीबीचा जुना आहे, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट या फुकट प्रणालीची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाकली. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमधून जोडला, लिब्रेऑफिसमध्ये प्रश्नपत्रिका करतो. एक अडचण मात्र खरी आहे: जुन्या नॉन-युनिकोड फाँटमधल्या फाइल्स युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागल्या, त्यात माझी उन्हाळ्याची सुट्टी गेली. कॉलेजात एखादं फक्त विंडोजवर चालणारं सॉफ्टवेअर लागणार का, तेवढं विभागात आधी विचारून घ्या.

नाशिक

'नो कॉस्ट ईएमआय' पाहून भुलू नका. व्याजाइतकी सूट किमतीत देतात, पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी बँक लावते, वर प्रोसेसिंग फी. शिवाय ईएमआय घेतल्यावर रोखीची सूट मिळत नाही. माझे एकूण हजारभर जास्त गेले. बहिणीने पैसे जमवलेत ना, मग रोखीनेच घ्या.

म्युनिक, नोकरी

इकडे शिकायला आले तेव्हा मीही जुनाच घेतला. कीबोर्ड जर्मन, वाय आणि झेडच्या जागा उलट्या. तुमच्याकडेही परदेशातून आलेले लॉट विकायला असतात, तेव्हा कीबोर्डवरची अक्षरं बघून घ्या. स्टिकर लावून भागतं, पण मग घासाघीस करायची.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. डोंबिवलीच्या ताईंची यादी भाचीने वहीत उतरवून घेतली आणि काल आम्ही दोघं नाशिकला गेलो. पहिला लॅटिट्यूड सहाव्या पिढीचा निघाला, ते तिनेच ओळखलं. दुसरा, ५४९०, बायोस मोकळा, 'एन' ही की जरा जोरात दाबावी लागते. १६,५००. बॅटरीत ७१ टक्के क्षमता उरलेली. बिलावर सिरियल नंबर आणि तीन महिन्यांची वॉरंटी लिहून घेतली. उरलेल्या पैशातून ८ जीबीची आणखी एक रॅम घ्यावी की आधी बॅटरी, यावर मामा-भाचीचं एकमत झालेलं नाही. ज्यांनी दोन्ही केलंय त्यांनी सांगा.