गेटवरच्या मामांचा पगार (सोसायटी ग्रुप, मंगळवार)

बी-२०४: नमस्कार. आज सकाळी रात्रपाळीच्या मामांनी माझ्याकडे पाचशे रुपये उसने मागितले. तीन वर्षांत पहिल्यांदा. आज १८ ऑगस्ट, जुलैचा पगार अजून हातात नाही. सेक्रेटरीसाहेब, एजन्सीचं बिल गेलंय ना?

सेक्रेटरी: ताई, ५ तारखेलाच गेलंय. पुढचं एजन्सी आणि त्यांचा माणूस बघतील.

ए-७०२: मेंटेनन्स वाढणार असेल तर माझा विरोध नोंदवा.

बी-२०४: मेंटेनन्सचा विषयच नाही दादा. मामांनी जूनची स्लिप दाखवली. आयकार्डाच्या प्लास्टिकमध्ये बारीक घडी घालून ठेवलेली. त्यावर हजेरी २२ दिवस. गेटच्या रजिस्टरात जूनच्या २६ रात्री त्यांची सही आहे, मी स्वतः मोजल्या. उरलेल्या ४ रात्री ते आईच्या दहाव्याला गावी होते.

सी-१०१: मामा रात्री दोनला खुर्चीत घोरतात, त्याच रात्री कापल्या असतील 😄

बी-२०४: आई गेलेल्या माणसाबद्दल बोलतोय आपण.

सी-१०१: सॉरी काकू. पण मार्चमध्ये माझी सायकल गेली तेव्हा गेटवर कोण होतं?

ए-५०३: कुलूप न लावता ठेवली होतीस. मीटिंगमध्ये झालाय तो विषय, परत नको.

डी-३०१: ताई, स्लिपवरचे आकडे टाका. नाव नको.

बी-२०४: अण्णा, हे घ्या. महिना १५,००० च्या हिशेबाने २२ दिवसांचे ११,०००. कपात: पीएफ १,३२०, ईएसआय ८३, युनिफॉर्म ५००, ॲडव्हान्स १,०००. हातात ८,०९७. मामा म्हणतात, ॲडव्हान्स घेतलाच नाही.

डी-३०१: कामगार खात्यात ३१ वर्षं काढली म्हणून बोलतो. पीएफ १२ टक्के, ईएसआय पाऊण टक्का, हिशेब बरोबर आहे. पण कापले म्हणजे भरले असं नाही. मामांचा यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, घ्या आणि उमंग ॲपवर पासबुक बघा. दुसरं, वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यावाच लागतो. १९३६ च्या जुन्या कायद्यातही हजाराच्या आत माणसं असली की ७ तारीखच होती, त्यामुळे माहीत नव्हतं असं एजन्सी म्हणू शकत नाही. आणि कंत्राटदाराने थकवलं तर माणूस जिथे राबतो त्यांच्यावर जबाबदारी येऊ शकते.

चेअरमन: अण्णा, म्हणजे सोसायटीने दोनदा पैसे भरायचे?

डी-३०१: ती वेळ येऊ नये म्हणूनच बिलाआधी पीएफ-ईएसआय भरल्याचं चलान मागायचं. करारात कलम आहे. २०२३ ला मीच घालायला लावलं होतं.

ए-७०२: म्हणजे मेंटेनन्स वाढणार.

ए-१०४: 🙏 शुभ मंगळवार. गणपतीची वर्गणी ५०१, ए विंगचे चार जण बाकी आहेत.

ए-५०३: वर्गणी दहा वेळा मागता, मामांचा पगार एकदा मागा.

ए-१०४: वर्गणी मी माझ्या घरासाठी मागत नाही. भाषा सांभाळा.

ई-६०२: मी एचआरमध्ये आहे. दहाव्याच्या त्या ४ रात्रींचे पैसे कापले कसे? नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत वर्षाला १८० दिवस भरले की दर २० दिवसांमागे एक भरपगारी रजा. मामांचे ३०० दिवस धरले तरी १५ रजा होतात. शिवाय पाळी बारा तासांची. आठच्या वरच्या तासांना दुप्पट दर लागतो, तो रकाना स्लिपवर आहे का?

बी-२०४: नाहीये. आणि रजिस्टर व स्लिप शेजारी ठेवून एजन्सीला विचारणार का, याचं उत्तर मला अजून मिळालं नाही.

सेक्रेटरी: सगळ्यांना कायदे पाठ आहेत. कमिटीत या म्हटलं की कोणी येत नाही. रात्री साडेअकराला पंप बंद पडला की फोन मलाच.

बी-२०४: तुम्ही करता ते दिसतं साहेब, मनापासून सांगते. पण रजिस्टर आणि स्लिप शेजारी ठेवा. बाकी काही मागत नाही.

सी-१०१: काकू, तोपर्यंत दोनशे-दोनशे काढू का? मी ५०० देतो.

बी-२०४: मीही तेच म्हणाले होते. मामा म्हणाले, "ताई, मागून घेतल्यासारखं नको, माझा पगार मिळू दे." आणि हळूच म्हणाले, "एजन्सीच्या साहेबांना माझं नाव कळवू नका, साइट बदलतील." घरापासून दीड तासावर टाकलं तर मुलीच्या शाळेचं काय, ही धास्ती आहे त्यांना.

डी-३०१: मग पत्र सोसायटीच्या लेटरहेडवर जाऊ दे. एकट्या मामांचं नको, चारही रक्षकांचं मागा: हजेरी, स्लिप, बँकेत पैसे जमा झाल्याचा कागद, पीएफ-ईएसआयची चलानं. आठ दिवसांत आलं नाही तर शिवाजीनगरच्या कामगार आयुक्त कार्यालयात मी स्वतः येतो.

चेअरमन: माझी सही धरा.

सेक्रेटरी: उद्या ११ वाजता ऑफिसमध्ये. अण्णा, मसुदा तुम्ही आणा. पुढचं बिल चलान आल्यावरच जाईल. आणि जूनचं रजिस्टर केबिनमध्ये ठेवू नका, कपाटात आणून ठेवा.

बी-२०४: आत्ता खाली जाऊन आणते. जुलैचंही.

ए-७०२: मेंटेनन्सचं काय ठरलं?