मदत हवी आहे: कॉनट्रॅक टेबल भरत आल्यावर निष्क्रिय नोंदी निवडून कशा काढाव्यात?

नमस्कार,

लिनक्सवरील एका नॅट (आतल्या यंत्रांचे पत्ते बदलून त्यांना बाहेर जोडणाऱ्या) फायरवॉलवर गर्दीच्या वेळी कर्नलच्या लॉगमध्ये ‘टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट’ हा संदेश येतो. हे टेबल म्हणजे कॉनट्रॅक, कर्नलने ठेवलेली प्रत्येक कनेक्शनची नोंदवही. चालू कनेक्शन सुरळीत राहतात, नवी मात्र जोडली जात नाहीत. नोंदींची कमाल मर्यादा 2,62,144 आहे. ती वाढवण्यापुरती मेमरी आहे, परंतु त्याने दुखणे केवळ लांबणीवर पडेल, म्हणून तेवढाच सल्ला कृपया देऊ नये.

टेबलमध्ये बहुतांश नोंदी ‘एस्टॅब्लिश्ड’ (जोडणी पूर्ण झालेल्या) अवस्थेतील टीसीपीच्या आहेत आणि त्यांपैकी बऱ्याच नोंदींचे क्लायंट निरोप न घेताच निघून गेलेले आहेत. या अवस्थेचा मूळ टाइमआउट (शांत नोंद आपोआप काढण्याआधीचा अवधी) 4,32,000 सेकंद, म्हणजे तब्बल 5 दिवस आहे. टेबल भरल्यावर कर्नल जागा करू पाहतो खरा, पण नवे पॅकेट आल्यावर होणाऱ्या या छाटणीत ‘अ‍ॅशुअर्ड’ खूण (दोन्ही बाजूंनी वाहतूक दिसलेले पक्के कनेक्शन) असलेल्या नोंदींना तो हात लावत नाही. त्यामुळे मेलेल्या नोंदी सुखरूप राहतात आणि हँडशेक (सुरुवातीची जोडणी) अर्धवट असलेल्या नव्या कनेक्शनवरच गदा येते, हा न्याय उफराटा आहे.

टाइमआउट कायमचा 2 तास 4 मिनिटांवर आणल्यास कीपअलाइव्ह (जिवंत असल्याचे अधूनमधून कळवणारी पॅकेट) न पाठवणारी, तासन्‌तास शांत राहणारी डेटाबेस कनेक्शन तुटतील, म्हणून ताण असेल तेव्हाच तो कमी व्हावा असे वाटते. मात्र स्क्रिप्टने तो ऐनवेळी घटवला तरी नवे मूल्य त्या कनेक्शनचे पुढचे पॅकेट आल्यावरच लागू होते, आणि मेलेल्या कनेक्शनचे पॅकेट येणार कुठून? ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टमच्या पीएफ फायरवॉलमध्ये मर्यादेच्या 60 टक्क्यांपुढे टाइमआउट आपोआप आखडत जातात व ते जुन्या नोंदींनाही लागू होतात. तशी सोय इथे हवी आहे.

व्यवस्थापनाचे एसएसएच (दूरस्थ लॉगिन) फायरवॉल नियमांच्या रॉ टेबलमधील नोट्रॅक (कॉनट्रॅकमध्ये नोंद ठेवू नये अशा) नियमाने वेगळे काढले आहे, परंतु उरलेली वाहतूक नॅटमधून जात असल्याने आणि नॅटला या नोंदी लागतातच, म्हणून तिच्यासाठी ती वाट बंद आहे.

सध्या सुचलेला उपाय असा: टेबल 80 टक्के भरताच नेटलिंकवरून (कर्नलशी बोलण्याच्या मार्गाने) नोंदी वाचाव्यात आणि ज्या एस्टॅब्लिश्ड नोंदींच्या टाइमआउटची शिल्लक 4,24,560 सेकंदांखाली गेली आहे, म्हणजे ज्या 2 तास 4 मिनिटांहून अधिक काळ शांत आहेत, त्यांतील सर्वांत जुन्या आधी काढाव्यात. गर्दीच्या वेळी संपूर्ण टेबल असे वाचल्याने प्रोसेसरवर कितपत भार येतो? आणि हेच काम कर्नलमध्येच करून घेण्याची एखादी सोय आहे का?