ग्लुटामिनच्या आधी लायसिन बघा

दूध तोडलेल्या डुकराच्या पिल्लांना ग्लुटामिन, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात त्या अमिनो आम्लांपैकी एक, द्यावं का, असं विचारलंय. द्या की. दूध तुटलं की पिल्लू एक-दोन दिवस धड खातच नाही, आतड्यातले बोटांसारखे अंकुर आखूड होतात, मग हगवण लागते. ग्लुटामिन हे आतड्याच्या पेशींचं इंधन. चाचण्यांत बहुधा १ टक्का, म्हणजे किलोभर खाद्याला १० ग्रॅम वापरतात. पण मका-सोयाबीनच्या खाद्यात पहिली तूट लायसिनची, तेही एक अमिनो आम्लच, ती आधी भरा. आपल्या नागपूरकडे सोयाबीन घरचंच, म्हणून कच्चंच भरडून घालतात. कच्च्या सोयाबीनमधला ट्रिप्सिन (प्रथिनं पचवणारं पाचकद्रव्य) रोखणारा घटक प्रथिनं नीट पचू देत नाही. भाजूनच घाला. आणि मे महिन्यात पत्र्याखाली दूध तोडू नका हो, ४५ अंशांत कुठली पावडर पुरणार!