गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, स्की कोणती घेऊ?

प्रश्न: वय ५४, डाव्या गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी हिरवा कंदील दिलाय, पण वळताना गुडघा कुरकुरतो. सध्याची स्की ९८ मिमी रुंद, माझ्या उंचीएवढी. बदलू का?

उत्तर १: बदलाच. घट्ट बर्फावर वळताना रुंद स्की तिच्या धारेवर तिरकी करताना सगळा पीळ गुडघ्यावर येतो. बुटाखाली ७५-८० मिमी, हनुवटीपर्यंत उंच, मऊ, टोकाला रॉकर (म्हणजे वर उचललेला बाक) असलेली बघा.

उत्तर २: आधी बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड! पडल्यावर ती किती जोराला बूट सोडेल तो रिलीजचा आकडा पन्नाशीनंतर दुकानातल्या तक्त्यात एक पायरी खाली येतो. वजन, वय खरं सांगा, दुकानात फुशारकी नको. तरी बाइंडिंग नडगी वाचवतं, लिगामेंटची हमी देत नाही.

प्रश्नकर्ता: आणि भुसभुशीत बर्फ पडला तर?

उत्तर १: त्यात रुंद स्की कमी रुतते, त्या दिवशी तशी भाड्याने घ्या की!