एंडोमेट्रिओसिसच्या ऑपरेशननंतर परत आलेली गाठ : कोल्हापूरकर बायकांचे अनुभव

ऑपरेशन करून गाठ काढली, वर्ष-दीड वर्ष बरं गेलं आणि मग सोनोग्राफीच्या रिपोर्टात पुन्हा तीच ओळ. कोल्हापूर जिल्ह्यात ज्यांच्या वाट्याला हे आलंय त्यांनी आपापला अनुभव लिहावा म्हणून हा धागा काढते आहे. आपल्याकडे पाळीचं दुखणं सख्ख्या जावेलाही सांगत नाहीत. त्यामुळे प्रत्येकीला वाटतं, हे फक्त माझ्याच पोटात घडतंय किंवा माझंच ऑपरेशन बिघडलं.

दोन विनंत्या. डॉक्टरांची आणि दवाखान्यांची नावं नकोत. आणि रिपोर्टात काय होतं, तुम्ही काय ठरवलं, का ठरवलं, हे जमेल तितकं सविस्तर लिहा. नुसतं "त्रास झाला, आता बरं आहे" यानं वाचणारीच्या हाती काही लागत नाही.

ज्यांचं निदान नवीन आहे त्यांच्यासाठी थोडं. या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बाहेर रुजतात. अंडाशयावर, नळ्यांजवळ, आतड्याभोवती. पाळीच्या वेळी तिथंही रक्त उतरतं, पण त्याला बाहेर पडायला वाट नसते. अंडाशयात ते साचून घट्ट, तपकिरी होतं, तीच चॉकलेट सिस्ट. मूल होण्याच्या वयातल्या साधारण १० टक्के बायकांना हा आजार असतो. म्हणजे आपल्या गल्लीतही आहेत, बोलत नाहीत एवढंच.

सुरुवात माझ्यापासून.

राजारामपुरी, वय ३६, सहकारी बँकेत नोकरी

दुर्बिणीतून ऑपरेशन झालं तेव्हा डाव्या अंडाशयातली गाठ ६ सेंटीमीटरची होती. पुढच्या तपासणीत त्याच बाजूला ३ सेंटीमीटरची गाठ दिसली. सासूबाई काळजीनं म्हणाल्या, "परत कापायचं का गं तुला?" डॉक्टरांनी मात्र आधी थांबायला सांगितलं. अंडाशयात दर महिन्याला बीजासाठी एक छोटी पाण्याची पिशवी तयार होतच असते. कधी ती फुटत नाही, कधी तिच्यात रक्त उतरतं, आणि सोनोग्राफीत ती चॉकलेट सिस्टसारखीच दिसू शकते. साधी किंवा ताज्या रक्ताची गाठ सहसा दोन-तीन पाळ्यांत विरते, चॉकलेट सिस्ट जागची हलत नाही. म्हणून सहा ते बारा आठवड्यांनी, पाळी संपल्या संपल्या, पुन्हा सोनोग्राफी. तेवढ्या काळात ती गाठ गेली.

नंतर जी आली ती गेली नाही. मग डायनोजेस्ट या हार्मोनची २ मिलिग्रॅमची गोळी रोज सुरू झाली. पहिले काही महिने कधीही डाग पडायचे, डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची. बंद करावीशी वाटली, पण डॉक्टर म्हणाले की बहुतेकींचं हे हळूहळू कमी होतं, जरा धरून राहा. मग पाळी थांबली आणि तिच्याबरोबर कमरेतून मांडीत उतरणारी ती कळही थांबली. गाठ आहे, वाढत नाही. मी बँकेत जाते, जोतिबाचा डोंगर चढते, सणावाराला घरात उभी असते. हे मला "गाठ पूर्ण गेली पाहिजे" या हट्टापेक्षा फार मोलाचं वाटतं.

गडहिंग्लज, वय ४१, शिक्षिका

ताई, तुमचं वाचून पहिल्यांदा लिहायचा धीर झाला. माझं पहिलं ऑपरेशन दुसऱ्या शहरात झालं. तेव्हा गाठीतलं रक्त फक्त उपसून काढलं होतं, भिंत तशीच राहिली. हे मला दुसऱ्या डॉक्टरांनी जुने कागद वाचून सांगितलं. नुसतं उपसलं तर गाठ फार लवकर भरून येते, माझीही आली. दुसऱ्या वेळी भिंत सोलून काढली आणि ती तपासणीला पाठवली.

पण एक गोष्ट मला कुणीतरी आधी सांगायला हवी होती. भिंत सोलताना अंडाशयाचा चांगला भागही थोडा जातो, त्यातली बीजंही जातात. एएमएच नावाच्या रक्ततपासणीवरून बीजांचा साठा किती उरलाय याचा अंदाज येतो. माझी ती तपासणी ऑपरेशनच्या आधी झालीच नाही, नंतर झाली तेव्हा आकडा १ च्याही खाली होता. आम्हाला मूल हवं होतं. ते दिवस कसे गेले हे लिहिता येत नाही. पुढं आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार) केलं, आज मुलगी माझ्याच शाळेत दुसरीला आहे. गाठ परत आली तेव्हा आयव्हीएफच्या डॉक्टरांनी तिला हातही लावला नाही. आधी बीजं, गाठीचं नंतर बघू, म्हणाले. ज्यांना मूल हवंय त्यांनी ऑपरेशनची तारीख घेण्याआधी एएमएच करून घ्या. बीजं गोठवून ठेवता येतात, तेही विचारा. विचारायला लाजू नका.

(राजारामपुरी : ताई, तुम्ही हे लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. परत येण्याचं प्रमाणही इथंच सांगते. अनेक अभ्यास एकत्र पाहून काढलेला अंदाज असा, की ऑपरेशननंतर २ वर्षांत साधारण २१ टक्के आणि ५ वर्षांत ४० ते ५० टक्के बायकांना हा आजार पुन्हा दिसतो. ऑपरेशनमध्ये दिसतं तेवढं निघतं, आजाराचा स्वभाव शरीरात राहतोच. ऑपरेशननंतर पाळी दाबून ठेवणारं औषध दीर्घकाळ चालू ठेवलं तर हे प्रमाण बरंच उतरतं. साधी गर्भनिरोधक गोळी सलग, डायनोजेस्ट, किंवा गर्भाशयात बसवायची हार्मोनची कॉपर-टी, जिला खरं तर मिरेना म्हणतात आणि जिच्यात तांबं नसतं. कुणाला काय चालेल ते वय, मूल हवं की नको, रक्तदाब, मायग्रेन यावर ठरतं. मूल हवं असेल त्या काळात यातलं काहीच घेता येत नाही, म्हणून त्यांचं गणित वेगळं.)

शिरोळ तालुका, वय ३३, घरची शेती

माझ्या गोळ्या मीच दोनदा बंद केल्या. एकदा पैशामुळं. ऊसबिल लांबलं की घरात पहिली कात्री माझ्या औषधाला लागती, कारण मी उठून काम करत असती, आजारी दिसत नाही. दुसऱ्यांदा २०१९ च्या पुरात. आम्ही घर सोडून छावणीत गेलो, गोळ्यांचं पाकीट घरातच राहिलं. तिथं लहान पोरं, म्हातारी माणसं, त्यात मी माझ्या पाळीच्या गोळीचं कुणाला सांगू? अंगावरून एवढं गेलं की एका अनोळखी बाईनं आपलं लुगडं दिलं. पाणी उतरल्यावर तपासलं तर उजवीकडं नवी गाठ. आता एक पाकीट पिशवीत वेगळं असतंय, कागदपत्रांबरोबर. पावसाळ्याआधी दोन महिन्यांचं औषध घेऊन ठेवती. आणि डॉक्टरांना विचारून जेनेरिक घेती, तेच औषध, बरंच स्वस्त पडतंय.

कागल, मुलीच्या वतीनं आई लिहिते आहे

मुलगी २२ वर्षांची, शिवाजी विद्यापीठात शिकते. विसाव्या वर्षी ऑपरेशन झालं, मागच्या उन्हाळ्यात दोन्ही बाजूंना गाठी. लग्न झालेलं नाही म्हणून सोनोग्राफी पोटावरूनच करतात, लघवी भरून. त्यात नीट न दिसल्यामुळे शेवटी एमआरआय केला, तेव्हा चित्र स्पष्ट झालं.

दुखण्यापेक्षा नातेवाइकांनी जीव नकोसा केला. "लग्न करून टाका, एक मूल झालं की सगळं जागेवर येतंय." ही हार्मोनची गोळी कशाला, मुलगी वांझ होईल, असंही एकीनं तिच्या तोंडावर सांगितलं. मी डॉक्टरांसमोर बसून सगळं विचारून घेतलं. गरोदरपणात पाळी नसते म्हणून काही जणींना बरं वाटतं, पण त्यानं आजार बरा होत नाही, नंतर परत येतो. आणि गोळीनं पुढं मूल होण्याची शक्यता जात नाही, बंद केली की पाळी परत येते. उलट गाठी वाढू दिल्या, सारखी ऑपरेशनं झाली, तरच अंडाशयाचं नुकसान जास्त. आता कुणी विषय काढला की मीच उत्तर देते, तिला बोलायला लावत नाही. तिच्या होणाऱ्या सासरी हे आधी सांगायचं, लपवायचं नाही, हेही आम्ही घरात ठरवलंय. यावर इतर आयांचं मत वाचायला आवडेल.

कसबा बावडा, वय ३०

माझं थोडक्यात, पण सगळ्यांनी वाचा. ऑपरेशननंतर अधनंमधनं दुखायचंच, त्यामुळं त्या रात्री पण मला वाटलं नेहमीचंच असंल. गोळी खाऊन पडलो. मग एका बाजूला अशी कळ आली की उभं राहता येईना, उलट्या सुरू झाल्या, घामानं भिजलो. नणंद म्हणाली, "वैनी, हे नेहमीचं दिसंना, चला उठा." तिनंच गाडीवर बसवून नेलं. साध्या पाण्याच्या गाठीमुळं अंडाशयाला पीळ पडला होता. रात्रीच ऑपरेशन करून पीळ सोडवला, अंडाशय वाचलं. सकाळपर्यंत थांबलो असतो तर काढायला लागलं असतं, असं डॉक्टर बोलले.

(राजारामपुरी : एका बाजूला अचानक असह्य कळ, सोबत उलट्या, चक्कर किंवा ताप, असं झालं तर घरगुती काही करत बसू नका. त्याच वेळी दवाखाना गाठा, मध्यरात्र असली तरी. सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, रात्रीही तातडीचे रुग्ण घेतात.)

गोकुळ शिरगाव, वय २९, कंपनीत क्वालिटी विभागात

आठ तास उभं राहायचं काम. सुपरवायझरला "पोट दुखतंय" एवढंच सांगत होते, तो नाराज व्हायचा. शेवटी डॉक्टरांकडून आजाराचं नाव लिहिलेलं पत्र घेतलं आणि एचआरच्या मॅडमना दिलं. तेव्हापासून त्या दिवसांत बसून करायचं काम मिळतं. आणखी एक, विमा घेताना आजार लपवू नका. एप्रिल २०२४ पासून आधीच्या आजाराचा खर्च विम्यातून मिळण्यासाठी थांबण्याची मुदत जास्तीत जास्त ३ वर्षं केली आहे. लपवला तर दावा नाकारला जातो.

शिवाजी पेठ, वय ४८

माझी गर्भाशयाची पिशवी काढली, सगळ्यांनी सांगितलं आता कटकट संपली. पण अंडाशयं ठेवली होती, आणि अंडाशय आहे तोवर हा आजार परत येऊ शकतो, हे मला गाठ आल्यावर कळलं. अंडाशयं ठेवली यात चूक नव्हती बरं का. लवकर काढली तर हाडं आणि हृदय यांना त्रास होतो, म्हणून डॉक्टर विचार करूनच ठेवतात.

खरी भीती बसली ती सीए-१२५ या रक्ततपासणीनं. आकडा वाढलेला आला, लॅबमधल्या टेक्निशियननं रिपोर्ट देताना तोंड पाडलं, आणि मी अंबाबाईच्या देवळात जाऊन रडले. ही तपासणी या आजारातही वाढते, पाळीच्या दिवसांतही वाढते, एकट्या आकड्यावरून कर्करोग म्हणता येत नाही, हे दोन दिवसांनी डॉक्टरांनी समजावलं. एंडोमेट्रिओसिसमध्ये अंडाशयाच्या कर्करोगाची शक्यता थोडी जास्त असते, पण एकूण पाहता ती कमीच. माझ्या वयाला गाठीत घट्ट भाग दिसला किंवा ती झपाट्यानं वाढली तर मात्र काढून तपासायची, असं ठरलंय. मध्ये पाळी बंद करणारी इंजेक्शनं घेतली होती. डिसेंबरच्या थंडीत अंगातून वाफा, पंखा लावून बसायचे. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून ती सहा महिन्यांच्या वर सहसा देत नाहीत, आणि सोबत थोडं हार्मोन परत देतात, तेही विचारून घ्या.

साने गुरुजी वसाहत, वय ३८

हे लिहावं की नको, विचार करत होते. गाठ छोटी आहे, तरी नवरा-बायकोच्या संबंधात इतकं दुखायचं की मी टाळायला लागले आणि घरात अबोला आला. ओटीपोटाच्या स्नायूंची फिजिओथेरपी असते हे मला माहीतच नव्हतं. वर्षानुवर्षं दुखून दुखून ते स्नायू आवळून बसतात. श्वासाचे आणि स्नायू सैल सोडायचे व्यायाम शिकवले, मलाच नव्हे तर ह्यांनाही बसवून समजावलं. गाठ तेवढीच आहे, दुखणं निम्म्यावर आलंय. गाठीचा आकार आणि दुखणं यांचा मेळ बसतोच असं नाही.

राजारामपुरी : काढे, गूळ बंद, दूध बंद, रस्सा बंद, असं बरंच काही काही जणींनी विचारलंय. एखादा पदार्थ सोडून बरं वाटत असेल तर सोडा, पण चॉकलेट सिस्ट विरघळवणारं अन्न नाही. काढा चालू असेल तर डॉक्टरांना सांगा आणि सोनोग्राफी चुकवू नका.

मिरजेला किंवा पुण्याला दुसरं मत घ्यायला जाणार असाल तर आधीच्या ऑपरेशनची नोंद, म्हणजे नुसतं डिस्चार्ज कार्ड नव्हे, काढलेल्या गाठीचा तपासणी अहवाल आणि सगळ्या सोनोग्राफी तारखेनुसार लावून न्या. गाठ कुठल्या बाजूची, किती सेंटीमीटर, पाळीच्या कितव्या दिवशी पाहिली, हे वहीत उतरवून ठेवा. गडहिंग्लजच्या ताईंसारखे जुने कागद वाचूनच पुढचा निर्णय होतो. ऑपरेशनची नोंद मागणं हा तुमचा हक्क आहे, दिली नाही तर लेखी मागा.

मिरेना बसवल्यानंतर गाठीचं काय झालं, हे अजून कुणी लिहिलेलं नाही. ज्यांनी बसवलीय त्यांनी कृपया लिहा.